पाणमांजराने फुटबॉल क्लब विकत घेतला त्याची हकीकत

तीर्थरूप क्लेममामांना,

उत्तरेकडच्या ब्रॅकनशॉ गावाहून भाचा जेगो याचा डोकं काढून नमस्कार. (टोपी न लिहिता डोकं का लिहिलं ते पुढे येईलच.) तुमची तब्येत कशी आहे? टॅम्सिनमामीचा गुडघा अजून पाऊसच सांगतो की आता थेट वादळं सांगायला लागलाय? होडीचं इंजिन सुधारलं का, बांगडा लागतोय का, आणि तुमच्या हातातली करंजी पळवणारा तो सीगल तुम्ही शेवटी ओळखून काढलात का? मी इकडे बरा आहे. खोकला होता, तो गेला. आता दुसरा आलाय, पण तो इथला आहे, त्यामुळे शेजारपाजारी जरा आपुलकीने चौकशी करतात.

तुम्ही विचारलं होतं की कॉर्नवॉल सोडून इतक्या लांब, फुटबॉलच्या क्लबात, मी नेमका कोण आहे. तर मामा, मी पाणमांजर आहे. ब्रॅकनशॉच्या नदीत पूर्वी पाणमांजरं होती म्हणतात (पुढे गिरण्या आल्या आणि ती कंटाळून गेली), म्हणून क्लबाचं चिन्ह पाणमांजर. शनिवारी सामन्याच्या दिवशी मी केसाळ अंगरखा आणि पिंपाएवढं डोकं घालून मैदानाच्या कडेने नाचतो, पोरांशी हात मिळवतो, आणि मुख्य काम म्हणजे लोक गाणं म्हणायला लागले की समोर उभा राहून दोन्ही पंजांनी ताल धरतो. मी हात वर केले की हजारभर माणसं आवाज चढवतात, खाली केले की उतरवतात. घरी माझं ऐकून कुणी कधी मीठसुद्धा पुढे सरकवलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. तेव्हा या नोकरीवर माझा किती जीव असेल ते तुम्हीच समजा.

आणि अशात क्लबाचं दिवाळं निघालं. आधीचा मालक बंगल्यांचे पडदे विकणारा होता. त्याला कुणीतरी सांगितलं की गोल मारणारा सेंटर फॉरवर्ड महाग घेतला की लीगच्या वरच्या गटात जाता येतं. त्याने महाग घेतला. तो पहिल्याच सामन्यात घसरून पडला, तो अजून उठतोच आहे. मग वीजवाले, पाणीवाले, करवाले असे सगळे दारात आले, तोवर मालक पोर्तुगालला उन्हात गेले होते. कोर्टाने पेटिफर नावाचे एक प्रशासक पाठवले. चांगला माणूस, पण तासावर पैसे घेतो, आणि बोलतो मात्र असा सावकाश, की एका 'गुड मॉर्निंग'मध्ये लाँड्रीचं अर्धं बिल निघालं असतं. आल्या आल्या त्यांनी गोलच्या खांबांपासून चहाच्या किटलीपर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या चिकटवल्या. माझ्या पाठीवरही एक होती: 'प्राणी, वापरलेला, एक.'

इथे एक रीत सांगतो, तुम्हाला गंमत वाटेल. आपल्याकडे होडी बुडायला लागली की आधी बायका-पोरं उतरवतात. फुटबॉलचा क्लब बुडायला लागला की आधी सेंटर फॉरवर्ड उतरवतात. खेळाडूंचे पैसे पुरेपूर द्यायचेच, दुसऱ्या क्लबांचेही द्यायचेच, हा लीगचा नियम. मग उरेल त्यात ॲम्ब्युलन्सवाले, न्हावी, बेकरीवाला यांनी चिमूटभर चाटायचं. मिसेस ऑगडेन (माझी घरमालकीण, आणि मैदानावर मटणाच्या पॅटिसचं स्वयंपाकघर चालवते) तिला पेटिफरांनी हे समजावून सांगितलं तेव्हा ती लाटणं खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे जो सहा महिन्यांत एकदा धावला त्याला सगळे, आणि मी रोज उभी असते तिला खडकू?" पेटिफर म्हणाले, नियम असाच आहे. ती म्हणाली, "मग ते पॅटिस खाली ठेवा साहेब, ते नियमात बसत नाही." त्यांनी ठेवलं. (अर्धं खाल्लेलं होतं. मी संपवलं.)

तरी खरं संकट पुढेच होतं. लीगने कळवलं की शुक्रवारी दुपारच्या आत क्लबाला नवा मालक मिळाला नाही तर शनिवारचा सामना होणार नाही, आणि सामना झाला नाही तर ब्रॅकनशॉचं नाव लीगमधून कायमचं पुसलं जाईल. मामा, तुम्ही रग्बीवाले, तुम्हाला वाटेल, जाऊ दे पुसलं तर. पण इथली गिरणी गेली, रेल्वे गेली, सिनेमागृहात आता गाद्या विकतात. शनिवारी दुपारी घराबाहेर पडायला या गावाला एवढंच एक कारण उरलंय. आमचे माळी एन्टविसल काका, मैदानातलं गवत कापून कापून ज्यांची पाठ वाकली, ते त्या आठवड्यात गवतावर पाय न देता कडेने चालायला लागले, घरात आजारी माणूस असल्यासारखे.

पेटिफर म्हणाले, क्लब एका पौंडाला देतो. देणी गावाने वर्गणीच्या बादल्या फिरवून हप्त्याहप्त्याने फेडावीत, त्याची कबुली झाली आहे. फक्त कागदावर मालक म्हणून एक माणूस हवा, आणि तो लीगच्या परीक्षेत पास व्हायला हवा. परीक्षा म्हणजे तो सभ्य आहे, दिवाळखोर नाही, त्याने आधी काही बुडवलेलं नाही, एवढंच. सोपी वाटते ना? शुक्रवारी सकाळी पॅटिसच्या स्वयंपाकघरात सगळे जमले आणि एकेक जण उठायला लागला. एन्टविसल काकांची कोळशाची वखार होती, बुडाली. खाटकाचं हॉटेल होतं, बुडालं. मिसेस ऑगडेनचं केस कापायचं दुकान बुडालं, तेही दोनदा, "दुसऱ्यांदा नवऱ्यामुळे," ती म्हणाली, "तो पहिला नवरा, या पॅटिसच्या धंद्याशी त्याचा संबंध नाही." पाद्रीबाबा हसत पुढे आले, पण त्यांच्या नाताळच्या सोडतीत बक्षिसाची टर्की कोंबडी स्वतः त्यांनाच लागली होती, आणि ते प्रकरण अजून कुणी विसरलं नव्हतं. थोडक्यात, ज्या गावाचा क्लब बुडाला होता त्या गावात न बुडालेला माणूस शिल्लक नव्हता.

मी तिथे पॅटिससाठी गेलो होतो. अंगात पोशाख होता, कारण पेटिफर तो मापून बघणार होते. एन्टविसल काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "लेका, तुझं काय बुडालंय?"

म्हटलं, "काका, माझं होतं काय बुडायला?"

लगेच लीगच्या बाईंना फोन लावला. मी डोकं काढलं. त्यांनी विचारलं, कधी दिवाळं निघालंय का? म्हटलं, बँकेने मला कधी आत बसूच दिलं नाही. कुठल्या बुडालेल्या कंपनीत संचालक होतात? नाही. दुसऱ्या एखाद्या क्लबात वाटा? म्हटलं, एका सायकलीत अर्धा वाटा आहे, पुढचा. कधी शिक्षा? म्हटलं, शाळेत रोज. त्या म्हणाल्या, शाळेतली धरत नाही. मग पलीकडे जरा वेळ टाइप केल्याचा खडखडाट झाला आणि त्या म्हणाल्या, "तुम्ही पास आहात."

मामा, मी त्यांना ते परत म्हणायला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा पास झालो, आणि तेही काहीच नसल्याबद्दल. मास्तर म्हणायचे, तू कशाच्याही लायक नाहीस. एका फुटबॉल क्लबाच्या होतो, त्यांना तेव्हा सुचलं नसेल.

पौंड माझ्याकडे नव्हता (पगार तीन आठवडे अडकलेला). मी खिशातून सुपरमार्केटची ढकलगाडी सोडवायचं खोटं नाणं काढलं, ते पेटिफरांनी उलटंसुलटं करून परत दिलं. मिसेस ऑगडेनने एप्रनमधून खरा पौंड काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "घे राजा, भाड्यात लावते." अशा रीतीने मी, तुमचा भाचा, मैदान, एक गोलकीपर, दोन जाळ्या, एक किटली आणि स्वतः मी, या सगळ्याचा मालक झालो.

शनिवारी सामना झाला. दारावर रांग लागली. म्हातारी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. नवा मालक आलाय एवढंच लोकांना कळलं होतं. नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं, कारण एन्टविसल काका म्हणाले, मालकाचं थोडं गूढ ठेवावं. मी डोक्याच्या आत रडत होतो, त्याने आतून बराच चिखल झाला. वीस मिनिटं स्वर्ग होता, मामा. मग आमच्या गोलकीपरच्या हातून बॉल असा सुटला, जसा तुमच्या हातून करंजी. आमच्यावर एक गोल चढला. आणि मैदानावरच्या घड्याळाखालच्या रांगांतून कुणीतरी, अगदी मनापासून, सुरू केलं: "मालक, चालता हो."

हे इथलं सगळ्यात लाडकं गाणं. चाल चांगली आहे, आणि मागचे तिन्ही मालक त्यावरच गेले. सगळं मैदान उठलं. आणि लोक गायला लागले की पंजांनी ताल धरायचा, ही माझी नोकरी. क्षणभर थांबलो. पण हजारभर माणसं माझ्याकडे बघत होती. मी हात वर केले. काय आवाज चढला. मी खाली केले, उतरला. परत वर. माझ्या स्वतःच्या हकालपट्टीचं गाणं मी असं काही घेतलं, की पलीकडच्या संघाचे लोकसुद्धा टाळ्या द्यायला लागले.

पहिल्या रांगेत मिसेस ऑगडेन आणि एन्टविसल काका गळ्याच्या शिरा ताणून गात होते. मध्यंतरात मी डोकं काढून म्हटलं, "अहो, कालच तर तुम्ही मला मालक केलंत."

"ते माहितीय रे राजा," मिसेस ऑगडेन म्हणाली. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुला नाही म्हणत आम्ही. मालकाला म्हणतोय."

"पण मालक मीच आहे ना."

"असशील," एन्टविसल काका म्हणाले. "पण क्लब बुडाला की काय करायचं ते आम्हाला कळत नाही लेका. मालकाला शिव्या घालायच्या हे कळतं. तेवढं तर करू दे."

शेवटच्या मिनिटाला तो महाग सेंटर फॉरवर्ड उठला, धावला, पडला, आणि पडता पडता बॉल त्याच्या कानाला लागून जाळ्यात गेला. बरोबरी. लोक वेडे झाले. आणि आनंदाच्या भरात तेच गाणं परत सुरू झालं, कारण ही बरोबरी मालक असूनही झाली, असं सर्वांचं मत पडलं.

सोमवारपासून मात्र अडचण आहे. गावाच्या वर्तमानपत्रात मालकाचं नाव छापून आलं. पाणमांजराला पोरं मिठी मारतात आणि तेच पोशाख काढून बाहेर आलं की त्यांच्या आया त्यांना मागे ओढतात. दुकानात मला शिळा पाव मिळतो. मिसेस ऑगडेन पॅटिस देते, पण गार, म्हणते, "घरात तू माझा भाडेकरू आहेस, पण गावात मला तोंड दाखवायचंय." वर पेटिफरांनी सांगितलं की मालकाला क्लबात पगाराची नोकरी करता येत नाही. म्हणजे पुढच्या शनिवारपासून पोशाखात दुसरा कुणीतरी. मालकी सोडावी तर क्लब पुसला जातो. ठेवावी तर पंजे जातात. तीन दिवस झाले, जेवण गोड लागत नाही. (गार असतं, हेही आहेच.)

असो. तुमच्याकडून काही मागावं म्हणून हे लिहीत नाही, नुसतं मन मोकळं केलं. मामीला सांभाळा. होडीला, सीगलला, शेजारच्या पेनरोझ आजोबांना माझा नमस्कार.

तुमचा भाचा,
जेगो

ता. क. — एन्टविसल काकांनी परवा एक फार शहाणपणाची गोष्ट सांगितली. मालक लांबचा असावा, कुणी न पाहिलेला, आणि त्याला फुटबॉलमधलं काही कळू नये. म्हणजे लोकांना शिव्या घालताना संकोच होत नाही आणि क्लब वर्षानुवर्षं एकजुटीने चालतो. मामा, तुम्ही इकडे कधी फिरकला नाहीत. तुम्ही पैसे बिस्किटांच्या डब्यात ठेवता, म्हणजे बँकेला तुमचं दिवाळं काढता येणार नाही. आणि फुटबॉलला तुम्ही 'ते तसलं लाथाळणं' म्हणता. तर कृपा करून एक पौंड पाठवावा. सुट्टा असावा, पेटिफर ढकलगाडीचं नाणं घेत नाहीत.

ता. क. दुसरा — लीगच्या बाईंचा पुढच्या गुरुवारी दुपारी बंदरावरच्या दारूच्या दुकानात तुमच्यासाठी फोन येईल, मी तोच नंबर दिलाय. त्या विचारतील तेवढंच सांगा. रात्री होडीतून उतरणाऱ्या त्या फ्रेंच ब्रँडीच्या पेट्यांबद्दल त्या विचारणार नाहीत, तुम्हीही आठवण करू नका.

ता. क. तिसरा — नाही म्हणू नका, कारण कापडी फलक रंगवून झालाय. बारा हात लांब आहे, तुमचं नाव लाल रंगात आहे, आणि काल मैदानावर सगळ्यांनी मिळून "क्लेम, चालता हो" एकदा म्हणूनही पाहिलं. तुमचं नाव त्या चालीत असं चपखल बसलं की मिसेस ऑगडेनने डोळे पुसले, आणि मला गरम पॅटिस दिलं, आणि म्हणाली, इतका चांगला मालक या गावाला आजवर मिळाला नव्हता.