मेपलखालची राखीव जागा

५ सप्टेंबर, मंगळवार
नवं सेमिस्टर, नवी वही. यंदा रोज लिहायचंच.
मोठी बातमी. आमच्या ॲल्डनबरो युनिव्हर्सिटीच्या समावेशन विभागाच्या डीनबाई नोकरी सोडून बॉस्टनला गेल्या. नवा डीन बाहेरून न आणता आमच्यातूनच नेमणार, असं प्रेसिडेंट हॅडलीबाईंनी कळवलंय. 'सगळ्यांना बरोबर घेऊन जाणारी, ऐकून घेणारी व्यक्ती हवी.' वाचलं आणि वाटलं, यांनी माझं नाव तेवढं गाळलंय.
अर्ज करणार. इतिहास खात्यात हयात गेली, आता समाजासाठी काहीतरी करावं.
डीनला जुन्या हॉलच्या दाराशी, मेपलच्या झाडाखाली राखीव पार्किंग मिळतं. त्याचा माझ्या अर्जाशी काडीचाही संबंध नाही.

६ सप्टेंबर
गाडी आजही 'ई' पार्किंग लॉटमध्ये. आइस हॉकीच्या रिंकच्या पलीकडे. तिथे कोण लावतं? कँटीनचे आचारी, तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक आणि मी. जवळच्या लॉटसाठीचा माझा अर्ज दरवर्षी उशिरा पोचतो. ऑफिसचा गलथान कारभार.
बूट ओले.

८ सप्टेंबर, शुक्रवार
समावेशनाचं ऑनलाइन ट्रेनिंग सर्वांना सक्तीचं. मला खरं तर गरज नाही, पण उद्याच्या डीनने पायंडा पाडावा म्हणून बसलो.
व्हिडिओत एका मीटिंगचा प्रसंग. एक बाई बोलतायत, तेवढ्यात कोपरांना चामड्याची ठिगळं लावलेला कोट घातलेले प्रोफेसर डेव्ह मध्येच बोलू लागतात. प्रश्न : प्रोफेसर डेव्ह यांचं काय चुकलं? मी 'काहीच नाही' वर टिचकी मारली. त्यांचा मुद्दा बिनतोड होता. अख्ख्या व्हिडिओत शहाणा माणूस तेवढा एकच.
नापास. पुन्हा बसा म्हणे. ट्रेनिंगवाल्या कंपनीला सविस्तर ईमेल लिहिलं.
संध्याकाळी घरी बायकोला, लिनेटला, डेव्हबद्दल सांगत होतो. ती काहीतरी म्हणत होती, पण आधी माझं पूर्ण होणं गरजेचं होतं.

१४ सप्टेंबर, गुरुवार
केमिस्ट्रीच्या येसेनिया कॉर्डेरोनेही अर्ज केलाय. बाई चांगली आहे. ज्या मुलांच्या घरात आजवर कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, त्यांना घेऊन संध्याकाळभर लॅबमध्ये बसते. पण नुसतं काम म्हणजे सर्व काही नव्हे. दृष्टी लागते.
दृष्टी म्हणजे काय, यावर अर्जात एक परिच्छेद टाकायचा. उद्या.

२१ सप्टेंबर, गुरुवार
आज मी 'श्रवणसभा' घेतली. ज्यांचं कोणी ऐकत नाही त्यांनी यावं, बोलावं, मी नुसतं ऐकणार. कल्पना माझी. पिझ्झा विभागाचा.
मुलं बरीच आली. सुरुवातीला प्रास्ताविक म्हणून ऐकण्याचं महत्त्व थोडक्यात सांगितलं. ग्रीकांपासून सुरू केल्याने जरा लांबलं. मग म्हटलं, आता बोला. तोवर पुढच्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली होती.
कोणाचीही एकही तक्रार नाही. अर्जात नोंद केली.
जाताना एका मुलीने विचारलं की सर, पुढच्या वेळी आम्हाला आधी बोलता येईल का? तिचं नाव विचारायचं राहिलं.

२६ सप्टेंबर, मंगळवार
प्रेसिडेंटबाईंनी बोलावून घेतलं. ९ ऑक्टोबरला, मूलनिवासी दिनी, नव्या स्वागत भवनाचं उद्घाटन. सुरुवातीचं भूमी-निवेदन मी वाचायचं. ही जमीन मुळात वेस्केटक जमातीची आहे, याची आम्हाला जाणीव आहे, असं दर कार्यक्रमाआधी आमच्याकडे म्हणतात. म्हणतात आणि मग कॉफी घेतात.
बाई म्हणाल्या की टेड, निवड समितीचे सगळे येणार आहेत, जरा नीट होऊ दे. सूचना स्पष्ट आहे. ही माझी परीक्षाच. आणि बहुतेक मी पास झालेलोच आहे.
मी तिथल्या तिथे सुचवलं की एका वेस्केटक माणसाला बोलावून पहिल्या रांगेत बसवू. बाई चकित. म्हणाल्या, हे आजवर कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही? मी नम्रपणे हसलो.

२८ सप्टेंबर
वेंडेल जेरोम यांना फोन. वेस्केटक मंडळींतले वडीलधारे, शाळेत लाकूडकाम शिकवून निवृत्त झालेले. इथून जेमतेम अर्ध्या तासावर राहतात. म्हणाले, इतकी वर्षं तुमची घंटा ऐकू येते, पण आत कधी कोणी बोलावलं नाही.
आपण काही बोलायचं का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं छे छे, तुम्ही अजिबात त्रास घेऊ नका. तुमच्या वतीने मी बोलतो.
त्यावर ते 'बरं' एवढंच म्हणाले. भारावले असावेत.
मग म्हणाले, ते जाऊ दे, प्रोफेसर, गाडी कुठे लावायची तेवढं सांगा, बायको काहीबाही बरोबर देणार आहे. पाहुण्यांचा पार्किंग पास पाठवतो म्हणालो. अगदी सोपं काम आहे.

२ ऑक्टोबर, सोमवार
पास उद्या.
आज निवेदनाचा दुसरा खर्डा. 'आम्ही या भूमीवरचे पाहुणे आहोत' हे वाक्य जमून आलंय. आरशासमोर म्हणून पाहिलं. 'पाहुणे'नंतर थांबायचं आणि वर बघायचं.

४ ऑक्टोबर
पाससाठी पार्किंग ऑफिसला गेलो. पार्किंगचे प्रमुख ब्रूस कोव्हॅक जेवायला गेलेले. तिथल्या मुलीने कागद भरून द्यायला सांगितला. मी कागद भरायला प्रोफेसर झालो का? तरी कागद घेतला. कोटाच्या खिशात आहे.
परतताना मेपलखालून आलो. जागा मोकळी. पिवळी पानं पडलेली. मी तिथे मिनिटभर उभा राहून पाहिलं. दारापासून फार तर दहा पावलं. अर्थात याचा कशाशीच संबंध नाही.

६ ऑक्टोबर, शुक्रवार
जेरोम यांचा निरोप होता : पास आला नाही. येसेनियाही कॉरिडॉरमध्ये म्हणाली, वेंडेल विचारतोय रे. वेंडेल? हे एकमेकांना ओळखतात? म्हणे तिच्या लॅबची लाकडी कपाटं त्यानेच दुरुस्त करून दिली. मी तिला सांगितलं, काळजी नको, काम झाल्यातच जमा आहे.
कोट ड्रायक्लीनिंगला गेलाय. सोमवारी सकाळी बघू.

८ ऑक्टोबर, रविवार
प्रसंगाला साजेसा म्हणून मणी गुंफलेला टाय मागवला होता, आज आला. लिनेटने एकदा माझ्याकडे पाहिलं, टाय काढून घेतला आणि मुकाट्याने कपाटात ठेवला. म्हणाली, टेड, उद्या एकच कर, कमी बोल. तिला माझं दडपण आलंय.

९ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी ९.४०
कमाल झाली. पोचतो तर डीनच्या जागेवर एक जुनाट पिकअप ट्रक. दार चेपलेलं, मागे ताडपत्री, पास नाही. खुशाल राखीव जागेत. आज, सगळे पाहुणे येणार त्या दिवशी.
ब्रूसला फोन लावला. म्हटलं या युनिव्हर्सिटीत काही शिस्त आहे की नाही? समावेशन म्हणजे कोणीही उठावं आणि कुठेही गाडी लावावी असं नव्हे. तो म्हणाला व्हिटकॉमसाहेब, एकदा खात्री करू का, कोणा पाहुण्याची असेल. म्हटलं पास नसेल तर कोणाचीही असो, उचला. कोणाचीही म्हणजे कोणाचीही.
असा ठामपणा डीनकडे हवाच.

१०.१०
ट्रक गेला. जाताना मागे काहीतरी खडखडलं. जागा पुन्हा कोणी बळकावू नये म्हणून माझी गाडी तिथे लावली. फक्त आजच्यापुरती.
दारापासून आठच पावलं.
जेरोम आधीच येऊन पहिल्या रांगेत बसलेत. म्हणजे पास नसूनही काही अडलं नाही. मी उगाच जिवाला घोर लावून घेतला होता.

दुपारी ३
जे झालं ते जसंच्या तसं लिहितो. पुढे माझीच बाजू मांडायला उपयोगी पडेल.
निवेदन उत्तम वाचलं. स्वागत भवनाला मंचाच्या मागे अख्खी काचेची भिंत आहे. माझी पाठ काचेकडे. पहिल्या काही वाक्यांनंतर लोकांत चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं विषय भिडला. 'आम्ही या भूमीवरचे पाहुणे आहोत' म्हटलं, थांबलो, वर पाहिलं. सभागृहातला एकूण एक माणूस माझ्या डोक्याच्या वरून मागे बघत होता. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. प्रेसिडेंटबाईंनी कपाळाला हात लावला होता.
वळून पाहिलं. माझी गाडी मागची चाकं उचललेल्या अवस्थेत काचेपलीकडून हळूहळू चालली होती.
निवेदन पूर्ण केलं. इथे कच खाल्ली नाही, हे नमूद करतो.
मग जेरोम दोन मुलांना घेऊन बाहेर गेले. बायकोने सगळ्यांसाठी मक्याचं आणि घेवड्याचं सूप करून दिलं होतं, मोठी मोठी पातेली, एकट्याने उचलायची नाहीत म्हणून ट्रकमध्येच ठेवलेली. मोकळ्या हातांनी परत आले आणि बाईंना म्हणाले, माझा ट्रक जागेवर नाही.
बाई म्हणाल्या असं कसं होईल, पास आला नाही म्हणून येसेनियाने मला विचारलं, मीच तिला सांगितलं, त्यांना डीनच्या जागेवर लावू दे. ब्रूस बाजूलाच डोनट खात होता. त्याने अगदी मोकळ्या मनाने सांगितलं की तो उचलला ना बाई, व्हिटकॉमसाहेबांचाच फोन होता. आणि साहेबांचीही उचलली, पास नव्हता. साहेबच म्हणाले होते, कोणाचीही असो.


त्याच दिवशी, संध्याकाळ
उचललेल्या गाड्या गावाबाहेरच्या यार्डात नेतात. येसेनियाने आम्हा दोघांना तिच्या गाडीतून नेलं. जेरोम पुढे, मी मागे, तिच्या मुलीच्या बूस्टर सीटशेजारी.  वाटेत मी हवेबद्दल एक वाक्य म्हटलं, ते कोणी उचललं नाही.
पातेली आडवी झाली होती. सूप ताडपत्रीखालून वाहून यार्डाच्या खडीवर सांडलं होतं. जेरोम ते बघत उभे राहिले आणि म्हणाले, बायको कालपासून उभी होती हो चुलीपाशी. तिला काय सांगू आता?
  कोटाच्या खिशात हात घातला तर पासचा कागद. इस्त्री होऊन आलाय, कडक.

१२ ऑक्टोबर, गुरुवार
शांतपणे विचार करता दोष पूर्णपणे पार्किंग व्यवस्थेचा आहे. बाईंना तसं सविस्तर लिहिलंय. समितीत समजूतदार माणसं आहेत. एका गाडीवरून कोणी डीन ठरवत नाही.
जेरोमबाईंना फुलं पाठवायची. उद्या.

३० ऑक्टोबर, सोमवार
येसेनिया डीन झाली.
अभिनंदनाचं ईमेल पाठवलं. लांबलं म्हणून अर्धं खोडलं, मग उरलेलंही खोडून नुसतं 'अभिनंदन' ठेवलं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.
लिनेट म्हणाली, फुलं मी त्याच आठवड्यात दिली, तुझ्या नावाने. जेरोमबाईंनी तिला सूप कसं करायचं ते सांगितलं म्हणे.

१६ नोव्हेंबर, गुरुवार
माझं ट्रेनिंग अजून बाकी असल्याचं तिसरं स्मरणपत्र. नवं ट्रेनिंग आता डीनबाईंनी स्वतः बनवलंय, इथल्याच उदाहरणांचं. आज बसलो.
पहिलाच प्रसंग. एक प्राध्यापक एका वृद्ध पाहुण्याला बोलावतात, बोलू देत नाहीत, पास पाठवत नाहीत, वर त्यांचीच गाडी उचलायला लावतात. प्रश्न : प्राध्यापकांचं काय चुकलं? मी ईमेल लिहायला घेतलं, की उदाहरण अतिरंजित आहे, इतका बिनडोक माणूस प्रत्यक्षात असू शकत नाही. 'शकत' पर्यंत आलो आणि थांबलो.
'वरील सर्व' वर टिचकी मारली. पडद्यावर लगेच आलं, अभिनंदन, उत्तर बरोबर. पहिल्यांदाच.
बाहेर बर्फाळ पाऊस. मेपलखाली तोच चेपलेल्या दाराचा ट्रक. येसेनियाने डीनची जागा पाहुण्यांसाठी सोडलीय, आणि जेरोम दर गुरुवारी मुलांना लाकूडकाम शिकवायला येतात. मी छत्री पुढे धरून निघालो, पण त्यांनी काच खाली केली. म्हणाले, प्रोफेसर, चढा वर, भिजाल. पायी जायला आवडतं म्हणालो. ते म्हणाले, असं कोणाला आवडत नाही, बसा.
बसलो. ट्रकमध्ये अजून सूपचा वास होता. मी म्हटलं, जेरोमसाहेब, त्या दिवशी... पुढचं वाक्य मला येईना. त्यांनी घाई केली नाही. वायपर चालू होते. शेवटी म्हटलं, माझं चुकलं. त्यांनी मान हलवली आणि कुठे सोडू विचारलं.
'ई' लॉट म्हटलं. रिंक मागे पडली, दिवे संपले, तरी लॉट येईना. ते म्हणाले, हे फारच लांब आहे हो. इतक्या लांब कोणाला ठेवतात?
आचारी, तासिकेवाले, असं सांगायला तोंड उघडलं होतं. मग म्हटलं, मला.