घेणारा काय करतो?

प्रिय बाबा,

पत्र कशाला, फोन करायचा की, असं तुम्ही म्हणाल. फोनवर मी खोटं फार सफाईने बोलतो, म्हणून लिहितोय. इथे नोव्हायमध्ये थंडी सुरू झाली आहे. तुमच्या खोलीत आता अनिका अभ्यासाला बसते आणि कपाटाचं बिजागर कुरकुरलं की "आस्क आजोबा" म्हणते. ते दुरुस्त करायचं राहिलंच. तशीच कानशी, आकडे आणि तारांची तुमची खाकी गुंडाळीही इथे राहिली. फ्रीमाँटला ताईकडे पोचल्यावर तुम्हाला तिची आठवण झाली, ती शेजारच्या मालिनीकाकूंच्या पेटीमुळे. त्यांच्या आईची पितळी पेटी, किल्ली हरवलेली, आणि कुलूप तोडायचं नाही. गुंडाळी आली की दोन मिनिटांत उघडतो, असं तुम्ही त्यांना सांगून बसलात.

मी दुसऱ्याच दिवशी पोस्टात गेलो. आत काय आहे ते खरं सांगितलं. कुलपं उघडायची हत्यारं टपालाने सरसकट कोणालाही पाठवता येत नाहीत, असं खिडकीवरच्या बाई म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, घेणारा काय करतो? माझ्यामागे रांगेत आपल्या मंडळाचे देवांग उभे होते. बाबा सिक्युरिटी सिस्टिम्समध्ये होते, असं मी त्यांना कधीच सांगून ठेवलंय. मिरजेला परत गेल्यावर तुम्ही पुन्हा कामावर बसणार हे ठाऊक असूनही मी म्हणालो, "ही इज रिटायर्ड." बाईंनी खोकं परत सरकवलं.

तुम्हाला मात्र फोनवर सांगितलं, की हे इथल्या कायद्यात बसत नाही. तुम्ही म्हणालात, "म्हणजे इथे ती चोराची हत्यारं धरतात का रे?" मी म्हणालो, तसंच काहीतरी. मिरजेत घड्याळाच्या दुकानाच्या पायरीवर चाळीस वर्षं बसलात, लोकांची कपाटं उघडून दिलीत आणि दार उघडताच मान फिरवलीत. त्या माणसाला मी असं बोललो. शाळेत असतानाही ती पायरी दिसली की मी रस्ता बदलायचो. तुम्ही ते पाहिलं होतं, मला माहीत आहे.

काल ताई म्हणाली, तुम्ही मालिनीकाकूंना "आता जमत नाही" असं सांगितलंत. गुंडाळी टाकून दे म्हणून निरोपही दिलात. मला स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाबा, मी तुम्हाला नियम अर्धाच सांगितला. कुलूप-किल्लीचा धंदा करणाऱ्याला ही हत्यारं पाठवायला मुभा आहे, म्हणून तर त्या बाई विचारत होत्या. कायद्याने तुम्हाला अडवलं नव्हतं, मी अडवलं. आज शनिवार आहे, पोस्ट दुपारपर्यंत उघडं असतं. हे पत्र गुंडाळीवर ठेवून खोकं बंद करतोय. तोच प्रश्न पुन्हा येईल. रांगेत कोणीही असो, माझे वडील चावीवाले आहेत, एवढंच मोठ्याने सांगायचं आहे. हे पत्र तुमच्या हातात पडलं असेल, तर मी ते सांगितलं.

तुमचाच,
प्रसाद