फ्लोराबाईंची गोष्ट, माझ्या तोंडून

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आडनाव सांगितलं आणि फ्लोराबाईंनी हात काढून घेतला.

झटकला नाही. शाल सारखी करायचं निमित्त करून हळूच काढला, आणि परत दिलाच नाही. तीन शुक्रवार माझा हात धरून बसायच्या! तोवर मी नुसती मिल्का होते. आज विचारलं, "कुणाची गं तू? गाव कुठलं?" मी म्हटलं, आम्ही आवळीकर, मूळचे जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या आवळीचे, आता ठाण्याला असतो.

"मुकादमांचे आवळीकर?"

"हो, पणजोबा तिथल्या सिनेगॉगचे मुकादम होते म्हणतात."

"म्हणतात काय, होतेच." आणि खिडकीकडे बघत बसल्या. दोन तासांतला उरलेला दीड तास तसाच गेला.

फेलोशिपमध्ये आम्ही दहा ज्यू विद्यार्थी. दर शुक्रवारी दुपारी लंडनमधल्या कुठल्या ना कुठल्या केअर होममध्ये एकेका म्हाताऱ्या माणसाला सोबत करायची. दहाजणांत आडनावात 'कर' असलेली मी एकटी. आमची कोऑर्डिनेटर नेओमी, तिला फ्लोराबाई सापडल्या तेव्हा नाचायचीच बाकी होती. दोघी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, दोघी मराठी, परफेक्ट मॅच! फ्लोराबाई शहाऐंशीच्या. बासष्ट साली नर्स म्हणून इथे आल्या. बहीण गेल्यापासून सहा वर्षं मराठी बोलायला कुणी नाही. मी पहिल्या दिवशी "कशा आहात?" म्हटलं तर रडल्याच होत्या.

त्या बाईंनी हात काढून घ्यावा असं काय केलं होतं आमच्या लोकांनी?


शनिवार, १५ फेब्रुवारी

आईला फोन.

"अगं, काळ्या इस्राएलांपैकी असतील त्या," आई म्हणाली. भाजी महाग झाली म्हणावं इतक्या सहज.

मला बावीस वर्षांत हे कुणी सांगितलेलं नाही. कातडीच्या रंगाशी संबंध नाही म्हणे. ज्यांची आई किंवा आजी समाजाबाहेरची, ते काळे. बाकीचे गोरे. गोऱ्यांनी काळ्यांत मुलगी द्यायची नाही, पंगतीला शेजारी बसायचं नाही, मलिद्याच्या प्रसादाचं ताटसुद्धा वेगळं. "आता कोण मानतंय? कशाला उकरत बसतेस?"

मी विचारलं, आणि आपण?

"आपण गोरे!" जरा दुखावलेल्या आवाजात. मी शंकाच कशी घेतली म्हणून.

सगळ्यात लाज कसली वाटली लिहू? ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं.


शुक्रवार, २१ फेब्रुवारी

होममध्ये शब्बाथचा किद्दुश, म्हणजे द्राक्षरसावरची प्रार्थना, दुपारी तीनलाच उरकतात. ट्रेमध्ये द्राक्षरसाचे एवढे एवढे प्लास्टिकचे पेले. फ्लोराबाई नेहमी सगळ्यांच्या शेवटी घेतात. "सो पोलाइट, अवर फ्लोरा," असं तिथली केअरर म्हणते. आज मी आगाऊपणा करून ट्रे सगळ्यांत आधी त्यांच्यापुढे धरला.

"सगळ्यांचं होऊ दे, बाय."

मग आपणहून सांगितलं. आवळीच्या मशिदीत – सिनेगॉगला त्या जुन्या लोकांसारखं मशीदच म्हणतात – त्यांचे वडील दाराजवळ उभे राहायचे. मनुका भिजवून केलेल्या सरबताचा प्याला मुकादमांपासून निघायचा, हातोहात फिरत दाराशी यायचा. कधी घोटभर असायचं, कधी नुसता गाळ. वडिलांना सगळ्या प्रार्थना तोंडपाठ, पण तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचायला एकदाही बोलावलं नाही. एका सणाला गर्दी होती, प्याला जवळून जात होता, वडिलांनी मधेच हात पुढे केला. मुकादम भर प्रार्थनेत ओरडले, "शलोमो, जागेवर!"

फ्लोराबाई सात वर्षांच्या होत्या. वरून, बायकांच्या बाजूने, बघत होत्या.

"कुत्र्याला म्हणतात तसं. वडील जागेवर गेले. घरी येऊन आईला म्हणाले, आज सरबत गोड होतं."

मुकादम म्हणजे माझे पणजोबा. ठाण्याच्या घरी त्यांचा फोटो आहे, कोट-टोपीतला. हनुकाच्या सणाला आम्ही त्याच्याखाली उभं राहून फोटो काढतो.

आणि हे सगळं ऐकून मी काय म्हणावं? "आणखी थोडा ज्यूस आणू का?"

असं म्हणाले मी!


मंगळवार, ४ मार्च

नेओमीचा ईमेल. सोमवारी स्टोरी ईव्हनिंग. प्रत्येकाने सात मिनिटं बोलायचं – आपल्या घरातली गोष्ट, कुणीतरी बाहेर ठेवलं गेल्याची. त्यातून एकाला उन्हाळ्याची इंटर्नशिप, आठ आठवडे, ज्यू आर्काइव्हमध्ये. मला हवीये. हवीये म्हणजे जीव जातोय! दुसऱ्यांच्या आठवणी जपायच्या कशा, याचंच एम.ए. करतेय मी.

आमच्यातल्या एकाचे आजोबा सहा वर्षांचे असताना नाझींपासून वाचायला एकटे आगगाडीत बसून इंग्लंडला आले. एकीचं घर बगदादहून एका रात्रीत निघालं. आणि माझ्या घरात कोण? मुकादम.


सोमवार, १० मार्च

सांगितली.

ऐन वेळी तोंडून निघून गेलं असं लिहिणार होते. खोटं. कालच फोनवर लिहून काढलं होतं, ट्रेनमध्ये दोनदा घोकलं. "माय ग्रेट-ग्रँडफादर स्टुड बाय द डोअर." माझे पणजोबा दाराजवळ उभे राहायचे! प्याला मी चांदीचा केला. माझी आजी सात वर्षांची, वरून बघणारी. "गो बॅक टू युअर प्लेस" म्हणताना थांबले, मोजून. कुणाचं तरी नाक ओढल्याचं ऐकू आलं.

मुकादमाचं नाव विचारलं एकाने. "नाव कुणाला आठवत नाही," म्हटलं.

सगळे उभे राहिले. नेओमीच्या डोळ्यांत पाणी. व्हिडिओ काढलाय. मीच बोलावलं म्हणून माझी हाउसमेट रचना आली होती, तिसऱ्या रांगेत होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, नुसती बघत होती.


मंगळवार, ११ मार्च

रचना नागपूरची, बौद्ध, बँकेत सॉफ्टवेअर बघते, सुट्टीच्या दिवशी आंबेडकरी ग्रुपची कामं. हॅरोच्या या घरात वर्षभर एका किचनमध्ये वावरतोय. गेल्याच महिन्यात तिने विचारलं होतं, "तुमच्यात जातबीत नसेल ना?" मी तेव्हा, "छे! आम्ही एवढेसे लोक, आमच्यात कसली जात!" असं ठोकून दिलं होतं. आईशी बोलल्यावर दोन दिवसांनी.

सकाळी तिने माझ्यासाठी चहा करून ठेवलेला.

"तेव्हा नाही म्हणाली होतीस. मला कळलं का ते. मीपण ऑफिसमध्ये कोणाला सांगत नाही माझ्या आजोबांचं. लाज त्यांची नाही न, पण आपल्यालाच वाटते. तू स्टेजवर उभी राहून बोललीस यार!"

मला मिठी मारली. मी पण मारली. चहा सांडला.

मग म्हणाली, बर्मिंगहॅमला जयंतीचा कार्यक्रम आहे, सत्तावीस एप्रिलला, तिथे बोलशील? "आमच्या लोकांना ऐकायला पाहिजे हे. आपण एकटे नाही हे."

हो म्हटलं. नाही म्हणायला काहीतरी कारण द्यावं लागलं असतं.


शुक्रवार, १४ मार्च

होमला गेले नाही. ताप आहे असं कळवलं. ताप नाही.


बुधवार, १९ मार्च

इंटर्नशिप मिळाली. नेओमीने फोन करून सांगितलं, किंचाळलीच. मी पण किंचाळले, तेवढं येतं मला.

मग म्हणाली, "आणि गेस व्हॉट! तुझा व्हिडिओ रविवारी सगळ्या होम्समध्ये लाउंजच्या मोठ्या स्क्रीनवर दाखवला. फ्लोराला पुढे बसवलं होतं. शी मस्ट बी सो प्राउड!"

फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. रडू येईल वाटलं होतं. आलं नाही. नुसते कान गरम झालेले, शाळेत कॉपी करताना पकडलं होतं तेव्हासारखे. पण तेव्हा बाईंनी सगळ्यांसमोर उभं केलं होतं. इथे पकडणारी बाई शहाऐंशीची आहे, व्हीलचेअरवर आहे, आणि सगळ्या लाउंजने टाळ्या वाजवल्या तेव्हा तिच्या बाजूने एक माणूस नव्हता.


शुक्रवार, २१ मार्च

गेले. मेट्रोपॉलिटन लाइनवर एक गाडी मुद्दाम सोडली, मग दुसरी पण सोडली. शेवटी गेले.

फ्लोराबाई नेहमीच्या जागी. केस विंचरलेले, पावडर लावलेली. मी बसायच्या आधीच त्या म्हणाल्या, "इंग्रजी छान बोलतेस."

मी सगळं बोलून टाकलं. ती तुमची गोष्ट होती, मी चोरली. ओरडणारे माझे पणजोबा, मी त्यांना दाराजवळ उभं केलं. मला इंटर्नशिप हवी होती. मला मुकादमाची पणती म्हणून तिथे उभं राहायचं नव्हतं. माफ करा, माफ करा, दहा वेळा. नाक वाहत होतं, टिश्यू पण त्यांच्याच डब्यातला घेतला.

त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "प्याला चांदीचा नव्हता. काशाचा होता."

"हो."

"आणि सरबत गोड होतं म्हणाले वडील, ते तू सांगितलं नाहीस."

ते मी गाळलं होतं. सात मिनिटांत बसत नव्हतं.

"वडिलांचं नाव पण नाही घेतलंस."

"नाही घेतलं."

"बरं," म्हणाल्या. "चहा घे. थंड होतोय." बिस्किटाची बशी माझ्याकडे सरकवली. मी निघाले तेव्हा दाराबाहेर पडेपर्यंत हात हलवत होत्या. रागाचा एक शब्द नाही!

स्टेशनपर्यंत जवळजवळ पळतच आले. किती हलकं वाटलं! ज्यांचं होतं त्यांनीच सोडून दिलं, मग नेओमीला कशाला सांगायचं? रचनाला कशाला? तिला उगाच वाईट वाटेल. बर्मिंगहॅमला जरा बदलून बोलेन, 'आमच्या समाजात' म्हणेन, 'माझ्या घरात' म्हणणार नाही. तेवढं खोटं राहणार नाही.

घरी येऊन इंटर्नशिपचं 'अ‍ॅक्सेप्ट' बटण दाबलं.


मंगळवार, २५ मार्च

रचनाने पोस्टर दाखवलं. माझा फोटो, खाली नाव, त्याखाली 'दाराजवळ उभ्या पणजोबांची पणती'. तिच्या आईला नागपूरहून माझ्याशी बोलायचंय म्हणे. "आई म्हणाली त्या पोरीला जेवायला बोलव, तिचं तोंड गोड कर."

मी म्हटलं, पोस्टर छान झालंय, फॉन्ट जरा मोठा कर.

फॉन्ट!

दोन दिवस जेवण जात नाही. फ्लोराबाईंनी माफ केलंय हे स्वतःला सारखं सांगावं लागतंय. त्यांनी माफ केलं असं म्हटलं का पण? 'बरं' म्हणाल्या. चहा घे म्हणाल्या. नर्स होत्या चाळीस वर्षं, समोरच्याला शांत करून पाठवायची सवयच असेल. नको. हे लिहायला नको. उद्या शुक्रवार असता तर बरं झालं असतं, जाऊन बसले असते त्यांच्याजवळ.


गुरुवार, २७ मार्च

नेओमीचा मेसेज. फ्लोराबाईंनी उद्यापासून दुसरं कुणी पाठवा म्हणून सांगितलंय. तक्रार काही केली नाही, अगदी गोड बोलल्या. मराठी येत नसलं तरी चालेल, असं मात्र दोनदा म्हणाल्या. खाली नेओमीने विचारलंय – काही झालं का?

'हो' लिहिलं, आणि पुढे सगळं, शलोमोच्या नावासकट. पाठवलं. रचना किचनमध्ये आहे. आता तिथे जायचंय.