सकाळच्या चालगटातील प्रवेश व गटप्रमुख शिंपी यांचा उतरलेला रक्तदाब

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी,
वस्ती आरोग्य केंद्र.

विषय : सकाळच्या चालगटात प्रवेश नाकारल्याबाबत फेरविचार होणे व गटप्रमुखांची फेरतपासणी होणेबाबत.

संदर्भ : केंद्राच्या दारावरील सूचना, ‘चढाच्या गटासाठी वरचा दाब १४० च्या आत हवा’.

महोदय,

१. मंगळवार, दि. ४ मार्च २०२५ रोजी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी आपल्या केंद्रात माझा रक्तदाब १६८/९४ भरला व मला सलग तिसऱ्यांदा सकाळच्या, म्हणजे टाकीच्या चढाच्या, गटात प्रवेश नाकारण्यात आला. त्याच यंत्रावर माझ्यानंतर सदर गटाचे प्रमुख, निवृत्त शिंपी, यांचा १२८/८० भरला. हिवाळ्याच्या आरंभी आम्हा दोघांचा आकडा जवळपास सारखाच होता. नियमित व्यायामाने दाब उतरतो, या आपल्या म्हणण्यास माझी हरकत नाही. तो केवळ शिंप्यांचाच का उतरतो, ही माझी हरकत आहे.

२. मी तंत्रविद्यालयात शिकलो असून संपूर्ण नोकरी बॉयलरच्या देखभालीत केली आहे. दाब हा विषय मला नवा नाही. बॉयलर थंड असताना काटा काय दाखवतो याला आमच्याकडे किंमत नसे. भार चढवून मगच वाचन घ्यावे, असा शिरस्ता होता. त्यास अनुसरून तपासणीच्या दिवशी मी घरून केंद्रापर्यंत झपाझप चालत येतो आणि धाप टिकून आहे तोवरच दंड पुढे करतो. परिचारिका दर वेळी म्हणतात, “काका, पाच मिनिटं टेका आधी.” मी नम्रपणे नकार देतो. उलटपक्षी, शिंपी बाकावर निवांत पाठ टेकून बसतात, जाणाऱ्या-येणाऱ्याची विचारपूस करतात आणि पुरते गार झाल्यावर बाही वर करतात. अशा वाचनास तांत्रिक भाषेत काय म्हणतात ते लिहिणे सभ्यतेस धरून होणार नाही.

३. माझी पत्नी सकाळच्या गटात आहे. मी संध्याकाळच्या, म्हणजे सपाटीच्या गटात आहे. आपण दिलेली गोळी मी एकदाही चुकवलेली नाही, मीठ सोडले आहे, आणि रोज नेमाने चालतो. तथापि सकाळी चहाबरोबर मला शिंपी ऐकावे लागतात. “शिंपीभावजी म्हणाले, चढावर बोलता येईल इतपतच वेग हवा.” “शिंपीभावजींनी आज काय हसवलं!” सदर गृहस्थांना भावजी हे पद कोणत्या नात्याने प्राप्त झाले, याचा खुलासा घरातून होत नाही. मीही रोज चालतो, हे मी पत्नीच्या निदर्शनास आणले असता तिने उत्तर दिले, “तुम्ही चालत नाही हो, नुसते पोचता.”

४. गेल्या आठवड्यात माझ्या दोन विजारी कपाटातून गायब झाल्या. चौकशीअंती त्या शिंप्यांकडे असल्याचे कळले. कमरेत सैल होतात म्हणून पत्नीने परस्पर आवळायला दिल्या होत्या. माझ्या कमरेचे माप माझ्या संमतीवाचून त्या इसमाकडे गेले. विजारी परत देताना ते भर रस्त्यात म्हणाले, “इंजिनसाहेब, दीड इंच उतरलात की! आता वाफ तेवढी कोंडू नका.” पत्नी हसली. त्या क्षणी माझा दाब किती होता हे मोजण्यास आपले कोणी कर्मचारी तेथे हजर नव्हते.

५. सबब विनंती की,
(अ) केंद्राचे यंत्र प्रमाणित उपकरणाशी ताडून पाहावे; उपकरण मी स्वखर्चाने आणीन;
(ब) शिंप्यांचा दाब त्यांनी पाण्याच्या टाकीचा चढ चढताच, माथ्यावर, उभ्या-उभ्या मोजावा, आणि त्या वेळी माझी पत्नी हाकेच्या अंतरात नसावी;
(क) गटप्रमुखाने गटाच्या पुढे चालावे, मागे रेंगाळून कोणाच्याही वहिनींची सोबत करू नये, असा नियम करावा;
(ड) गटाची यादी गुरुवारी कायम होऊन पुढील तीन महिने बदलणार नाही, असे समजते. हे तीन महिने मला सपाटीवर काढावयास लावू नयेत.

आपल्या न्यायबुद्धीवर भार टाकून थांबतो.

आपला नम्र,
(सही)
अर्जदार, निवृत्त बॉयलर पर्यवेक्षक
दि. ५ मार्च २०२५

सोबत : आवळलेली विजार, एक (पुरावा म्हणून, पाहून परत मिळावी).

ता. क. : हा अर्ज देण्यास आज, दि. ६ रोजी, केंद्रात आलो असता पत्नी सोबत आली. तिच्या पावलाने यावे लागल्याने उशीर झाला. बाकावर बसून तिने अर्ज वाचला. मला वाटले, रागावेल. ती म्हणाली, “अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही माझ्यापुढं चार पावलं चालताय. भावजी मागं वळून बघतात, एवढंच. आता बसा इथं. गप्प.” मी बसलो. पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकून, न बोलता. ती शेजारी होती. पाच मिनिटांनी परिचारिकेने वाचन घेतले आणि खात्रीसाठी पुन्हा एकदा घेतले. दोन्ही सारखे आले. बाकापलीकडून शिंपी म्हणाले, “या साहेब चढावर, पण वहिनींच्या बरोबरीनं हं.” चाचणीच्या पद्धतीत फरक पडल्याने मागण्या (अ) व (ब) मागे घेत आहे. (ड) ची आता गरज उरलेली नाही. (क) मात्र कायम आहे. मागे चालण्यास यापुढे मी स्वतः उपलब्ध आहे.

आजचे वाचन : १३६/८४.