तीन श्वास आणि एक बुक्की

तीर्थरूप मामांना भाच्याचा साष्टांग नमस्कार (पूर्वी खरंच आडवा व्हायचो, हल्ली कंबर धरते म्हणून कागदावरच गोड मानून घ्या). मामीचे गुडघे कसे आहेत? तुमचा खोकला गेला असेलच. नसेल तर मामीला कळू देऊ नका, पुन्हा वाफ घ्यायला बसवेल.

पत्रास कारण तुमचं कागद कापायचं मशीन (फोनवर तुम्ही मध्येच ओरडाल, म्हणून पत्र). दुकानाची जागा महिनाअखेर सोडायची, मशीन दुसऱ्याच्या हाती जाताना तुम्हाला बघवेना, म्हणून विकायचं काम माझ्यावर आलं. खरेदी खात्यात आहे, घासाघीस जमत असेल, असा तुमचा समज. पण नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसने मला 'वाटाघाटीतली आध्यात्मिक बुद्धिमत्ता' या शिबिराला धाडलं (रजा मिळेना म्हणून गेलो, पण मनाला लागलं). तिथले सर म्हणाले, उत्तर देण्याआधी तीन श्वास घ्या आणि स्वतःला विचारा, मी समोरच्याला फसवतोय का?

गिऱ्हाईक म्हणजे बाइंडिंगचं नवं दुकान थाटणारे नवरा-बायको. नवऱ्याने पात्यावरून बोट फिरवलं आणि किंमत सांगितली. मी डोळे मिटून श्वास घ्यायला लागलो. दुसऱ्या श्वासाला त्याने आकडा वाढवला. तिसऱ्याला आणखी वाढवला. मामा, मी तोंड न उघडता तुमचं मशीन नव्याच्या भावाने चाललं होतं! पण श्वास संपले आणि तो प्रश्न आडवा आला. म्हटलं, "अहो, मी किमतीसाठी अडून बसलो नाहीये, नुसता श्वास घेतोय." तो लगेच पहिल्या किमतीवर आला. एवढ्यावर थांबावं की नाही? पण खरं बोलायची एकदा चटक लागली की आवरत नाही. डाव्या अंगाला बुक्की हाणल्याशिवाय गठ्ठा तिरका कापला जातो, आणि ती कुठे नि किती जोरात हाणायची हे फक्त आमच्या मामांना ठाऊक, हेही मी सांगून टाकलं. नवरा चपला घालायला लागला. तुमच्यापुढे काय तोंड घेऊन उभा राहणार होतो!

तेवढ्यात त्याची बायको म्हणाली, "थांबा हो. न विचारता एवढं सांगणारा माणूस आणखी काय लपवणार? घेऊन टाकू." सौदा झाला. सचोटीनेही व्यवहार जमतो, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका नाही.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : किंमत पहिलीच. त्यातून बुक्कीपोटी थोडी वजा. रागावू नका.

आणखी एक ता. क. : बाईंनी अट घातली आहे. त्यांचा हात बसेपर्यंत तुम्ही रोज सकाळी त्यांच्या नव्या दुकानात येऊन बुक्की शिकवायची. "पण येतील का मामा?" असं त्यांनी विचारलं.

शेवटचा ता. क. : या प्रश्नाला मी एकही श्वास घेतला नाही. "त्यांनीच कबूल केलंय," असं बेधडक ठोकून दिलं. परवा मामी सांगत होती, दुकान बंद झाल्यापासून तुम्ही कुणाशी बोलत नाही, आणि जेवता जेवता टेबलाच्या डाव्या कडेला बुक्क्या मारता. ऐकून मला फार वाईट वाटलं. तेव्हा सोमवारी जा, मामा. माझं एवढं खोटं खरं करा.