साठ महिन्यांची पत्रं

९ जानेवारी १९५६, सोमवार

माझं आयुष्य फिरलं ते गेल्या मंगळवारी, दुपारी साडेतीनला. कॉलेजच्या मेसबाहेर पोस्टमननं सगुणाचं पत्र हातात दिलं. त्याच्या शेवटी दोन शब्द होते: तूही ये.

दोन वर्षांत तिची चोवीस पत्रं आली. आफ्रिकेत न्यासालँडमधल्या मिशनच्या शाळेबद्दल, तिथल्या तळ्याबद्दल, पोरांच्या खोड्यांबद्दल भरभरून लिहायची, पण ये असं कधी म्हणाली नव्हती. इंटरचं वर्ष, प्रॅक्टिकलच्या वह्या, सगळं होतं तिथं टाकलं. सर समजवायला आले तर त्यांनाही चार शब्द सुनावले. आई नगरला रडतेय. धाकटी रूथ तिथंच नर्सिंग शिकते, तिनं एवढंच विचारलं की दादा, तू देवासाठी चाललास की सगुणासाठी? मी म्हटलं, दोघं एकाच वाटेवर आहेत.

खरं कारण या वहीपुरतं. दोन वर्षांपूर्वी सगुणा निघाली तेव्हा नगर स्टेशनवर चारचौघांत मी तिला म्हणालो होतो, जा, पुन्हा तोंड दाखवू नकोस. तिच्या वडिलांनी मला तापट म्हणून नाकारलं होतं, त्याचा राग मी तिच्यावर काढला. ती पत्रांत त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. मला ते शब्द तिच्यासमोर उभं राहून परत घ्यायचेत. पत्रातून नाही.

चिंचवड स्टेशनवर बरकतचा टांगा मिळाला. मोशीच्या अलीकडचा मिशन बंगला म्हटल्यावर म्हणाला, आफ्रिकावाले का? पोहोचवायला लई जणांना नेलं भाऊ, स्टेशनावर परत आणायचा योग काही आला नाही. मी खो खो हसलो. पिंपरीत पेनिसिलिनच्या कारखान्याच्या भिंती नव्याकोऱ्या चमकत होत्या, दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती, आणि मला वाटलं, हा रस्ता सरळ समुद्रात जातो.

बंगला उंचावर आहे, खाली इंद्रायणी दिसते. मिशनचे पाळक दौलतराव स्वतः फाटकापर्यंत आले, ट्रंकेचा एक कान त्यांनी धरला. स्वयंपाकाला चऱ्होलीच्या शालनबाई. बरोबर जाणारा ज्योतीराम, शेवगावचा कंपाउंडर, वय तीस. माझं नाव ऐकून म्हणाला, शांतवन? वा राव! कपाळावरची शीर तर निराळंच सांगतेय.

जेवायला हुरडा आणि दही. आनंदात आहे.

११ जानेवारी

तयारी जोरात. काल पुण्याला जाऊन पीतज्वराची लस टोचून घेतली, दंड टणक झालाय. बोट ३ फेब्रुवारीला मुंबईहून, मग एडन, मोंबासा, तिथून रेल्वेनं नैरोबी, पुढं टांगानिका आणि शेवटी न्यासालँड. पाच वर्षं. सकाळी प्रार्थना, मग तिकडच्या भाषेचा धडा. झिकोमो म्हणजे आभारी आहे. ज्योतीराम शालनबाईंना प्रत्येक भाकरीमागे झिकोमो म्हणतो, त्या म्हणतात, तुजं झिकूमिकू तिकडं, हितं गप गिळ.

दुपारी पाळकांनी लिहायची खोली दाखवली. बाकी सगळं पाहिलं त्यापेक्षा ही गोष्ट वेगळी. उत्तरेकडची लांबट खोली, खिडकीजवळ दोन टेबलं, वेताच्या दोन खुर्च्या. भिंतभर कपाट आणि त्यात कबुतरखान्यासारखे खण. प्रत्येक खणावर एकेकाचं नाव.

इथली रीत अशी. जाणाऱ्यानं निघण्याआधी घरच्यांसाठी पाच वर्षांची पत्रं लिहून ठेवायची. महिन्याला एक, म्हणजे साठ. मिशन दर महिन्याला त्यातलं एक पुण्याहून टपालात टाकतं. पाळक म्हणाले, तिकडच्या आतल्या भागातून टपाल सहा-सहा महिने येत नाही. पहिल्या तुकडीतल्या एकाची आई पत्राची वाट बघत अंथरुणाला खिळली आणि गेली. तेव्हापासून आम्ही ठरवलं, आयांना वाट बघायला लावायची नाही. त्यांचे डोळे भरून आले. माणूस मनापासून बोलत होता.

मी मान डोलावली. रात्री पानावर बसल्यावर घास तोंडात तसाच राहिला. मग सगुणाची चोवीस?

१२ जानेवारी

आज सकाळी पाळकांना अडवलं. अंगणातच. आवाज चढला असेल माझा, शालनबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. विचारलं की सगुणाची पत्रंही इथंच लिहिलेली का? ते शांतपणे हो म्हणाले. दोन वर्षांपूर्वी, निघण्याआधी, त्याच खोलीत.

म्हणजे मी उशाखाली ठेवली ती पत्रं तिनं न पाहिलेल्या तळ्याबद्दल होती. मी कुंडीला लाथ मारली, ती फुटली. पाळक म्हणाले, त्यात प्रेम खोटं होतं का? फक्त आधी लिहिलं होतं.

मग खोलीत येऊन पत्रं पुन्हा वाचली आणि डोकं थंड झालं, पण चांगल्या अर्थानं नाही. गेल्या ऑगस्टच्या पत्रात तिनं लिहिलंय, आईचा ताप उतरला हे बरं झालं. माझ्या आईला विषमज्वर गेल्या जुलैत झाला. हे पत्र ५४ च्या जानेवारीत लिहिलेलं?

१७ जानेवारी

मुंबईत गोळीबार, दंगल. बोटीची तारीख पुढं जाईल असं पाळक म्हणतात. ज्योतीराम म्हणाला, बरंच झालं, पत्रं तरी संपतील.

मीही लिहायला बसलो. दुसरा मार्ग नाही, साठ पुरी केल्याशिवाय तिकीट हातात देत नाहीत. वाटलं होतं, खोटं लिहायला जड जाईल. पण त्या खुर्चीत बसलं की जड जात नाही. हात चालू लागतो. आज सात झाली. मोंबासाच्या धक्क्यावर उतरल्याचं लिहिलं, पायाखालचे दगड भाजतायत, एक पोरगी नारळ सोलतेय, तिच्या डाव्या हाताला चारच बोटं. हे मला कुठून सुचलं, ठाऊक नाही. मी कॉलेजात निबंधाला नापास होणारा माणूस.

ज्योतीराम पुढं आहे. एक्केचाळीस झाली. आता बोलत नाही फारसा.

२० जानेवारी

आज मागची शेड उघडली. आमच्या सामानाच्या खोक्यांना नावं रंगवायची होती म्हणून ब्रश शोधत गेलो. ताडपत्री ओढली तर खाली पाच खोकी. खिळे ठोकलेली, दोऱ्या बांधलेली, वर पांढऱ्या रंगात लिहिलेलं: न्यासालँड, १९५४. तिसऱ्यावर सगुणा.

पहारीनं फळी उचकटली. वरच तिची निळी शाल. खाली शाळेची पुस्तकं, नवी चप्पल, पायात एकदाही न घातलेली. एका पाकिटात पासपोर्ट. कोरा, मुंबईचासुद्धा शिक्का नाही.

शालनबाईंना गाठलं. त्या चुलीपुढून उठल्याच नाहीत. म्हणाल्या, जाताना म्या कुणालाबी बघितलं न्हाई बाबा. कागदं लिवून झाली की जेवायला यायचं बंद व्हतंय. येवढंच म्हाईत हाय. म्या इच्यारलं तवा पाळक म्हणलं, गेली पहाटं. आता पत्रं येत्यात म्हणल्यावर मान्सं गेलीच असणार की.

पाळकांकडं पासपोर्ट घेऊन गेलो. टेबलावर आपटला. त्यांनी तो उघडला, पानं चाळली, मिटला. म्हणाले, दुसरा काढला असेल. पहाटेच्या गाडीनं गेली ती मंडळी, निरोप घ्यायला संकोच वाटतो कित्येकांना. आणि मग, जणू मी मूल आहे अशा सुरात: अरे, पत्रं येतात ना तिची?

हा माणूस खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं. याचीच भीती वाटली.

२३ जानेवारी

ज्योतीरामची साठ काल संध्याकाळी झाली. आज नाश्त्याला नाही. दुपारी नाही. शालनबाईंनी त्याचं ताट मांडलं, मग उचललं.

त्याची ट्रंक खोलीतच आहे. चष्माही.

चार वाजता लिहायच्या खोलीत गेलो. लख्ख ऊन. त्याची खुर्ची रिकामी. टाकाची कुरकुर ऐकू येत होती. कागदावर निब घासते तशी, थांबते, दौतीत बुडते, पुन्हा सुरू. रिकाम्या खुर्चीतून. मी हाक मारली, ज्योतीराम! कुरकुर थांबली. जरा वेळानं पुन्हा—

मी पळालो नाही. कारण ऐकता ऐकता कळलं की टाक एक नाही. पुष्कळ आहेत. त्यातला एक मला ओळखीचा. ओळीच्या शेवटी जोरानं टोचून पूर्णविराम देणारा. तसा फक्त तीच देते.

ती गेलीच नाही. इथं आहे.

२५ जानेवारी

सामान बांधलं होतं. सोडलं. ती इथं असताना मी कुठं जाऊ?

तिचा खण उघडला. पुढच्या महिन्यांची पाकिटं ओळीनं. फेब्रुवारी ५६ चं फोडलं, माझ्याच नावाचं.

‘शांतवन, तू माझ्याच खुर्चीत बसतोस. वेत डाव्या बाजूला तुटलाय, जपून. जे सांगायला आलास ते मोठ्यानं म्हण, मला ऐकू येतं. स्टेशनवरचं मी केव्हाच विसरले. तूही ये हे मी नाही रे लिहिलं. हातानं लिहिलं. इथं हातच लिहितो. जा.’

अंगठ्याला शाई लागली. ओली होती.

मी मोठ्यानं म्हणालो. चुकलो म्हणालो. दहादा, वीसदा म्हणालो. भिंतीला डोकं टेकून म्हणालो. टाक थांबला. बाकीचे चालू होते, तिचा थांबला. तेवढंच. मी दुपारभर तिथं बसून राहिलो आणि उठलो तेव्हा माझ्यासमोर नवी अकरा पत्रं होती. माझ्या अक्षरात.

२८ जानेवारी

भूक लागत नाही. शालनबाई ओरडतात, खा रं मुडद्या, चार घास खा. खातो, चव नाही.

वेगळ्या टेबलावर बसलो. बागेत बसलो. हात मांडीखाली दाबून ठेवला. उपयोग नाही, मध्येच भान जातं आणि मी त्याच खुर्चीत असतो. चोपन्न झाली. ही वही लिहितो तेव्हाच तेवढा हात माझा.

पाळकांना म्हटलं, मला कोंडा, हात बांधा. ते माझ्यासाठी गुडघे टेकून प्रार्थना करू लागले. उठल्यावर म्हणाले, पत्रं फार सुंदर उतरतायत तुझी.

३० जानेवारी

माझा खण तपासला. सगळी आईच्या नावाची असायला हवीत. एक पाकीट कमी. त्याच्या जागी पत्त्याची चिठ्ठी तेवढी उरलीय: रूथ उमाप, नर्सेस क्वार्टर्स, नगर.

मी रूथला पत्र लिहिलेलं नाही. एकही नाही.

पाळक म्हणाले, हो, तिचं शुक्रवारीच टाकलं टपालात, वर तातडीचं लिहिलं होतंस ना तू? आणि आनंदानं तार दाखवली. रूथची. दादा, तुझं पत्र वाचलं, रजा मिळाली, उद्या दुपारच्या गाडीनं चिंचवडला उतरते.

काय लिहिलं होतं त्यात ते मला ठाऊक आहे. दोनच शब्द—

देवा, ती नको.

३१ जानेवारी, दुपार

एकोणसाठ.

सकाळपासून तीनदा फाटकापर्यंत गेलो. तीनदा खुर्चीत. बरकतला निरोप पाठवा म्हटलं तर शालनबाई माझ्याकडं बघतच नाहीत. माझ्यातून पलीकडं बघतात. ताट मांडलं नाही आज.

सगुणाचा टाक जोरात चाललाय. तिच्या खणात एक कागद. ‘लिहू नकोस. ऊठ. मला सोड आणि ऊठ.’

दोन वर्षं तिच्यापर्यंत पोहोचायचं होतं. पोहोचलो. आणि आता तिला सोडून—

सोडतो. रूथ यायच्या आत. हातात हात गच्च धरलाय, नाव घेत उठतो, रूथ, रूथ—

उठलो. दारापर्यंत आलो. मागं बघितलं नाही. सगुणा, चुकलो, जातो. बाहेर पडलो, दार ओढून घेतलं, कडी लावली. कुरकुर बंद. अंगावर ऊन. उतारावरून धावत सुटलो, बरकत टांगा घेऊन उभाच होता, काही न विचारता त्यानं चाबूक उडवला. ज्वारी मागं पडतेय. स्टेशन आलं. गाडी फलाटाला लागतेय, तिसऱ्या डब्याच्या दारात रूथ, पांढरी साडी, हातात पेटी, मला बघून हसतेय, मी ओरडतोय की मागं फीर, उतरू नकोस, आणि तिला ऐकू येतंय, ती थांबलीय, पाय पायरीवरच, आणि मी हे लिहितोय ते

कशावर

हा वहीचा कागद नाही. वर माझ्या अक्षरात लिहिलंय, पत्र साठावं. डाव्या बाजूला वेत टोचतोय आणि खाली फाटकाशी टांगा थांबल्याचा