तिसरी मोजणी

बाबा, सोमवारी टपालानं एक पत्र आलं आणि तेव्हापासून मला धड जेवण जात नाही. लिहिणारी मुलगी कीटकांवर संशोधन करते. ग्वारीघाटच्या रस्त्यावरच्या पळसांवर तिला तुमची गांधीलमाशी पुन्हा सापडली आहे, एकदोन नव्हे, चांगली डबीभर. सगळ्या माद्यांच्या मिशीला अकरा पेरं आहेत. तुमच्या लेखात बारा लिहिली आहेत, आणि त्या बाराव्या पेरावरच ती जात नवी ठरली होती. विलायतेच्या संग्रहालयात तुम्ही पाठवलेल्या नमुन्याला मात्र एकही मिशी नाही. लेखाच्या तळाशी ‘मोजणी माझ्या मुलीची’ असं छापलेलं आहे, म्हणून ती मला विचारते, बारा पेरं तुम्ही स्वतः पाहिली होती का?

तो मध्यप्रांताचा काळ. तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतात आणि तुमचा उजवा डोळा गेलेला होता, डाव्यात मोतीबिंदू उतरत होता. पळसाच्या पानामागे कुठल्याशा किड्यानं घातलेली अंडी तुम्ही काचेच्या नळीत जपून ठेवली होतीत. त्यांतल्या एका अंड्यातून किड्याचं पिल्लू निघालंच नाही, निघाली ती तिळाच्या टोकाएवढी काळी गांधीलमाशी, कारण तिच्या आईनं आपलं अंडं त्या अंड्याच्या आत घातलं होतं. बाकीची अंडी वाळून गेली. नळीतून काढताना तिची एक मिशी गेली, एक राहिली. याआधी दोनदा तुम्ही विलायतेला नमुने पाठवले होतेत आणि दोन्हीदा तिथल्या तज्ज्ञानं दोन ओळींत कळवलं होतं की ही जात आधीच ठाऊक आहे. तिसऱ्यांदा तसं आलं असतं तर चौथा किडा शोधायला तुमच्याकडे डोळे उरणार नव्हते. हे तुम्ही कधी बोलला नाहीत, पण घरात सगळ्यांना कळत होतं.

मोजणीच्या बाबतीत तुम्ही किती कडक होतात. मी दहा वर्षांची असताना स्वयंपाकघरात गुळाच्या ढेपेवर मुंगळा बसला होता आणि मी सहज म्हणाले, याला आठ पाय आहेत. तुम्ही भरल्या ताटावरून उठलात, उष्ट्या हातानंच भिंग आणलंत. “काहून आठ? पाहून सांगून राहिली का अंदाजानं?” आई म्हणाली, अहो, जेवू द्या तिला. पण सहा पाय मोजून होईपर्यंत माझं वरण पार निवलं होतं. तेव्हापासून घरात नियम झाला की काहीही तीनदा मोजायचं आणि तिसऱ्यांदा उलटीकडून.

ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. मे महिना आहे, वारा येऊ नये म्हणून दार बंद आहे, श्वासानं माशी उडू नये म्हणून मी नाकाला पदर बांधला आहे. टाचणीवरच्या कागदी त्रिकोणाच्या टोकाला ती डिंकानं चिकटवलेली आहे. मी सूक्ष्मदर्शकात पाहते आहे, तुम्ही समोर टाक घेऊन बसला आहात. चारच्या टपालानं लेख आणि डबी दोन्ही जायची आहेत. पहिल्यांदा मी बारा सांगितली. तुम्ही टाक खाली ठेवून चष्मा पुसलात. दुसऱ्यांदा मोजून झाल्यावर मी सुईनं तिला जराशी उजेडाकडे वळवायला गेले आणि मिशी मुळापासून तुटली. कुठे पडली ते दिसलंही नाही.

“काय आलं?”

“बारा.”

“चलो, आता उलटीकडून. घाबरून काहून राहिली? मी आहे ना.”

बाबा, मी डोळा काचेला लावला आणि मोजलं. बारा, अकरा, दहा, असं एकेक पेर, मध्ये थांबत, नेहमी थांबत असे तशी. काचेखाली मिशी नव्हती. तुम्ही प्रत्येक आकड्याला मान हलवत होतात. एकावर आले तेव्हा तुम्ही लिहिलंत, तीनदा मोजलं. मिशी वाटेत तुटली असणार, असं संग्रहालयातले लोकच नंतर धरून चालले.

लेख छापून आला तेव्हा तुम्हाला अक्षरं दिसत नव्हती. तुम्ही बोट ठेवलंत आणि मला वाचायला सांगितलंत. त्या माशीला तुम्ही माझं नाव दिलं होतंत. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आईनं पेढे आणवले. तुम्ही आल्यागेल्याला सांगत होतात, “डोळे पोरीचे, म्हणून नाव पोरीचं.” मी पेढा तोंडात धरून उभी होते. नंतर तुम्ही आठ वर्षं होतात. रोज सांगू म्हणायची आणि रोज तुमचा हात धरून फिरवून आणायची.

आज सकाळी सदरच्या पोस्टात त्या मुलीचं उत्तर टाकून आले. खरं तेच लिहिलं. पहिल्यांदा बारा, दुसऱ्यांदा अकरा, तिसऱ्यांदा काचेखाली काही नव्हतं. होय, दुसऱ्यांदा अकराच आली होती, आणि म्हणूनच मी तिला उजेडाकडे वळवायला गेले होते. आता तुमची जात पुसली जाईल आणि माझं नावही जाईल. माझ्या नावाचं मला काही नाही. तुमचं मात्र मला फार वाईट वाटतं आहे.

हे पत्र घडी करून तुमच्या भिंगाच्या डबीत ठेवते. त्या मुलीला सगळं कळवलं, एक सोडून. मिशी तुटली आणि आता पुन्हा कोणालाच मोजता येणार नाही हे माझ्या ध्यानात आलं, तेव्हा बाबा, मला बरं वाटलं होतं.